पाहुणीचा आकडा

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची! एक ट्रंक, दोन पिशव्या, छत्री आणि कमरेपर्यंतची वेणी, एवढा संसार घेऊन बसमधून उतरले. निघताना धाकटी म्हणाली होती, नोकरीला चाललीस की वनवासाला. तिला कळवायला हवं की या वनवासात नळाला दिवसभर पाणी आहे. खोली प्रयोगशाळेच्या मागे, वरच्या मजल्यावर. खाट, टेबल, भिंतीतलं कपाट, पूर्वेला खिडकी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी सकाळी तासभरच पाणी यायचं आणि तेवढ्यात बादल्या, पातेली, झालंच तर फुलदाणीसुद्धा भरून ठेवायची आईची शिस्त. त्या सवयीने मी आल्या आल्या इथली बादली भरली आणि मग एकटीच हसत बसले.

आईला जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर जेवायला बसणं आम्हा दोघी बहिणींना झेपेना. धाकटीने केस मानेपर्यंत कापून टाकले आणि मी ही लांबची नोकरी धरली. आई असती तर तिने दोघींनाही फैलावर घेतलं असतं. वेणी मात्र मी कापणार नाही. हात थरथरायला लागले तरी शेवटपर्यंत माझी वेणी आईच घालायची. सैल व्हायची, तासाभरात सुटायची, पण मी ती तशीच मिरवायचे.

रोजनिशी नेमाने लिहायची असं ठरवलंय. बघू उत्साह किती टिकतो.

बुधवार, ६ मार्च

इथे आम्ही तिघंच. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. डोक्याला कायम घट्ट रुमाल आणि बोलणं मोजूनमापून. दुसरा टकलोबा, तो यंत्र सांभाळतो. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलंय. रोज सकाळी वस्तरा फिरवून डोकं तुळतुळीत करतो. म्हणतो, केसांच्या कामात आपलाच केस नमुन्यात पडला तर पंचाईत, त्यापेक्षा मुळातच नको. माझ्या वेणीकडे बघून त्याने एवढा मोठा उसासा सोडला की मला हसू आवरेना.

काम मजेचं आहे. धाकटीला फोनवर समजावता यावं म्हणून सोप्या भाषेत लिहून ठेवते. पाण्यातला हायड्रोजन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. जड फारच थोडा, पण किती थोडा ते जागेजागेवर बदलतं. समुद्राकाठी जरा जास्त, आत आणि उंचावर कमी. माणूस जिथलं पाणी पितो तिथलं प्रमाण त्याच्या केसांत उतरतं. केस महिन्याला जेमतेम बोटाच्या अर्ध्या पेराएवढा वाढतो आणि एकदा वाढलेला भाग पुन्हा बदलत नाही. म्हणून ओळख न पटलेलं प्रेत सापडलं की पोलीस त्याचे केस आमच्याकडे पाठवतात. केसाचे तुकडे करायचे, चांदीच्या इवल्याशा पुडीत बांधायचे आणि भट्टीत सोडायचे. पुडीसकट सगळं वितळतं, त्यातून वायू निघतो, यंत्र हलका आणि जड वेगळा करतं आणि एक आकडा देतं. समुद्राच्या पाण्याशी तुलना असल्यामुळे आकडा नेहमी उणे, जितका खाली तितकं पाणी हलकं. आमच्या गावचा उणे साठच्या आसपास, या गावचा उणे नव्वद.

यात एक मेख आहे. केसातला थोडा हायड्रोजन सैल असतो आणि आजूबाजूच्या दमट हवेशी त्याची सारखी अदलाबदल चालू असते. त्यामुळे मोजण्याआधी नमुना काही दिवस खोलीत उघडा ठेवायचा आणि ज्यांचा आकडा पक्का माहीत आहे असे ‘प्रमाण’ केस त्याच्याशेजारी ठेवायचे, म्हणजे हवेचा परिणाम दोघांवर सारखाच होतो. जे नमुन्याला तेच प्रमाणाला. नमुना कधी एकटा ठेवायचा नाही, एकटा बंद करायचा नाही, एकटा पाठवायचा नाही. बाईंनी हे माझ्याकडून इतकं घोटून घेतलंय की आज चहाच्या कपाशेजारीसुद्धा मी दुसरा कप ठेवला.

आमचं प्रमाण म्हणजे काचेच्या मोठ्या बरणीतले तपकिरी केस. त्यांना सगळे ‘पाहुणी’ म्हणतात. ही प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा आलेली पहिलीच अनोळखी बाई. तिचा आकडा आला उणे दोनशे साठ. इतकं हलकं पाणी माणसं राहतात अशा कुठल्याच जागी सापडत नाही. तिचं घर शेवटपर्यंत कळलं नाही. केस मात्र भरपूर होते, मग तिलाच मोजपट्टी केलं. मला ऐकून जरा वाईट वाटलं. जिचं घर सापडलं नाही, तिच्यावरून आम्ही सगळ्यांची घरं शोधतो. आणि इतकी वर्षं रोज चिमूट चिमूट काढूनही बरणी गळ्यापर्यंत भरलेली आहे. बाईंना तसं म्हटलं, तर त्यांनी विषय बदलला.

मंगळवार, १२ मार्च

इथल्या पद्धतीप्रमाणे नव्या माणसाला आधी स्वतःचे केस मोजावे लागतात, म्हणजे पुढे चुकून आपला केस पडला तर ओळखता येतो. मी कानामागून एक बट कापली, पाहुणीशेजारी ठेवली आणि आज तुकड्या-तुकड्याने भट्टीत सोडली.

काय सांगू! पाच वर्षं कागदावर उतरली. टोकाला आमचं घर, उणे साठ. मग मी शिकायला बाहेरगावी गेले तिथे रेघ खाली गेलेली. मग आईच्या आजारपणात घरी परतले तिथे ती पुन्हा वर चढलेली. तिथून मुळापर्यंत घरच. मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसले. आईने वेणी घातलेले सगळे दिवस त्या रेघेत आहेत. टकलोबा म्हणाला, जपून ठेवा. मी म्हटलं, कागद ना? तो भट्टीकडे वळला. उरलेली बट मी बशीत, पाहुणीच्या केसांशेजारी तशीच राहू दिली.

बुधवार, २० मार्च

आज डोक्याला ताप. यंत्र नीट चालतंय का ते बघायला माझेच केस पुन्हा मोजले. डोक्यावरचे ताजे कापून घेतले. टोक ठीक, मधला भाग ठीक. मुळाकडचा तुकडा मात्र उणे दोनशे साठ.

साहजिकच पुड्यांची अदलाबदल झाली असणार. पुन्हा केलं. उणे दोनशे साठ. टकलोबाने भट्टी साफ केली, नवी नळी बसवली. पुन्हा तेच. समजा इथल्या पाण्याने फरक पडला म्हणावं, तर इथल्या नळाचं पाणी मी मोजलं, ते जसं असायला हवं तसंच आहे. शिवाय मुळाकडची ती दोन पेरं काही इथे वाढलेली नाहीत. ती घरी वाढली. वाढलेला केस बदलत नाही, सगळं काम त्याच्यावर तर उभं आहे.

बाई म्हणाल्या, नवीन माणसाच्या हातून होतं असं. हात धुऊन काम करत जा. मी लहान मुलीसारखी मान डोलावली, पण राग आला.

बुधवार, २७ मार्च

पुन्हा मोजले. आता मुळापासून वीतभर सगळं उणे दोनशे साठ. मागच्या वेळचे उरलेले केसही मोजले, बशीत पडून असलेली ती कानामागची बट. त्याच जागेपर्यंत तीही बदललेली. डोक्यावरून कधीच कापलेली बट! सैल हायड्रोजन हवेशी अदलाबदल करतो हे समजू शकतं, पण पक्का? तो जागचा हलत नाही.

आज लक्ष लागत नव्हतं. राहून राहून ओल्या दोराचा वास येतोय. विहिरीवर पाणी ओढताना तळहाताला लागायचा तसा. हिरवी बादली विहिरीच्या काठावर राहिली की आम्हाला ओरडा बसायचा. पाणी इतकं गार की दात ठणकायचे.

आईला फोन करायचा राहिला. बरेच दिवस झाले, वाट बघत असेल. उद्या करते.

शनिवार, ३० मार्च

मला नीट लिहायला हवं.

काल धाकटीला फोन केला आणि आईला दे म्हटलं. ती म्हणाली, ताई, अशी काय थट्टा करतेस. मी म्हटलं, थट्टा कसली, झोपली असेल तर राहू दे. ती रडायलाच लागली. मी चिडले. फोन ठेवला.

आज ही रोजनिशी मागे उलटून पाहिली. ४ मार्चला लिहिलंय. आईला जाऊन वर्ष झालं. अक्षर माझंच. मी ते वाचते आहे आणि मला काहीच आठवत नाही. दवाखाना नाही, शेवटचा दिवस नाही, कोण कोण आलं होतं ते नाही. आज सकाळी आई माझ्यासाठी पुन्हा एकदा गेली, आणि मला रडायलासुद्धा काही सापडत नाहीये.

त्यानंतर दुसरी ओळ दिसली. विहीर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे कधीच विहीर नव्हती.

धाकटीला विहिरीचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, जास्त घाबरेल. कामाने थकवा आलाय एवढंच कळवलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

वीतभराची दीड वीत झाली. कागदावर हिशोब लावून पाहिला. आईचं आजारपण गेलं. बाहेरगावचं शिक्षण गेलं. भिंतीवर माझी पदवी टांगली आहे, तिच्यावर माझं नाव आहे, आणि ती मी कुठल्या इमारतीत घेतली, मैत्रिणी कोण होत्या, काही काही नाही. जेवढा केस बदलतो तेवढं आयुष्य पुसलं जातंय. मुळाकडून टोकाकडे. टोकाला आई आहे, धडधाकट. तिथे अजून पोचलेलं नाही.

आज आणखी एक दिसलं. मी पाहुणीला मोजलं. फक्त पाहुणीला. कोणी मोजत नाही तिला, मोजपट्टीला कोण मोजणार? दुसऱ्या संस्थेतून आलेली, पक्क्या आकड्याच्या केसांची सीलबंद बाटली फोडली आणि तिच्याशी ताडून पाहिलं.

पाहुणी आता उणे दोनशे साठ नाही. ती वर चढते आहे. माझ्याकडे. माझ्या घराकडे.

बाईंकडे धावत गेले. त्यांनी कागद पाहिला, घडी घातली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, नवीन माणूस आलं की ती थोडी हलते. मग स्थिरावते. दर वेळी स्थिरावते.

दर वेळी.

मंगळवार, ९ एप्रिल

टकलोबाला विचारलं, तुमचं गाव कुठलं. म्हणाला, इथलाच. घरी कोण कोण असतं? म्हणाला, आता कोणी नाही. आधी कोण होतं, असं विचारलं तर नुसता हसला. ते हसणं मला बघवेना. त्याला माहीतच नाही. वस्तरा खरा कशासाठी फिरवतो तेही त्याला आता आठवत नसावं.

बाईंचा रुमाल आज सरकला होता. खाली काही नाही.

मी विचारलं, तुम्ही निघून का नाही जात? टकलोबा म्हणाला, जायचं कुठे, ताई?

बरणी उचलून भट्टीत ओतावी असं मनात आलं. झाकण उघडलंसुद्धा. मग लक्षात आलं, आईचा शेवटचा दिवस आता माझ्याकडे नाही. तो बरणीत आहे. जाळला तर कायमचा जळेल. झाकण लावलं. लावता लावता वाटलं की बरणीतून ओल्या दोराचा —

शुक्रवार, १२ एप्रिल

धाकटीला फोन केला. ये म्हटलं. ताबडतोब ये, मला घेऊन जा. तिने एकही प्रश्न विचारला नाही. मंगळवारी येते म्हणाली. जीव भांड्यात पडला.

फोन ठेवल्यावर तिचा चेहरा आठवायला गेले. मानेपर्यंत केस. एवढंच. तेसुद्धा रोजनिशीत वाचलं म्हणून.

तोपर्यंत एकच काम. टोकाची चार बोटं अजून आपली आहेत, कालच मोजली. उणे साठ. तेवढी वाचवायची. हवाच लागू दिली नाही तर अदलाबदल होणार कशी? कापायची, काचेच्या नळीत घालायची, आतली हवा ओढून घ्यायची, ज्योतीवर काच वितळवून तोंड बंद. अशा नळ्या मी इथे रोज करते. डोळे मिटून करीन.

मंगळवार, १६ एप्रिल

दुपारी दारात एक मुलगी उभी होती. मी विचारलं, कोण हवंय?

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. मग मला मानेवरचे केस दिसले. मी धाकटी, धाकटी म्हणत तिला मिठी मारली. तिला कळलं असेल का, की मी आठवून नाही, केसांवरून ताडून म्हटलं?

नळी केली. वेणी कापताना रडले. हात मात्र स्थिर होते, स्वतःच्या शिस्तीने चालत होते. नळीची मान कशी धरायची, ज्योत कुठे लावायची, मला विचारावंच लागलं नाही. शेवटी बोटाएवढी काच, तिच्यात आई.

धाकटीला सांगितलं, ही सोडू नकोस, एक क्षणही सोडू नकोस, माझ्याकडे देऊ नकोस, मी मागितली तरी. तिने नळीला दोरा बांधला आणि गळ्यात घातली. शहाणी पोर. माझी वेड्यासारखी बडबड तिने ऐकून घेतली, कपाळाला हात लावून ताप पाहिला, आणि म्हणाली, उद्या सकाळची बस.

बाईंनी अडवलं नाही. टकलोबा वर खोलीपर्यंत आला होता, सकाळी ट्रंक उचलायला येऊ का विचारायला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

बुधवार, १७ एप्रिल, बसमध्ये

निघालो! खिडकीची जागा मला दिली. ऊन आहे, रस्ता मोकळा. धाकटी खांद्यावर डोकं ठेवून झोपली आहे. गाव मागे पडलं आणि कित्येक दिवसांनी मी पाय लांब करून बसले. अजून टोक आहे. आई आहे, बादल्या भरणारी, फुलदाणीसुद्धा भरून ठेवणारी. आत्ता आठवून पाहिलं. आहे.

घरी जाऊन पहिल्यांदा तिची खुर्ची —

थोड्या वेळाने

नळी उन्हात आली. धाकटीच्या गळ्यात. मी सहज पाहिली.

आत दोन बटा आहेत.

एक काळी. माझी. तिच्याशेजारी दुसरी, तपकिरी, तेवढ्याच लांबीची, नीट कापलेली.

मी घातली. मीच. नमुना कधी एकटा बंद करायचा नाही. हात आपल्या शिस्तीने — मला विचारावंच लागलं नाही — देवा, एकटा पाठवायचा नाही — मीच तिला आत — आणि धाकटीच्या गळ्यात कालपासून, मानेला लागून, केसांना लागून. तिचे केस मानेपर्यंतच. जेमतेम वर्ष-दीड वर्षाचे. तिथे पुसायला आहेच काय —

उठवते तिला. दोरा तोडते.

दोरा तुटत नाहीये. ती झोपेत नळी घट्ट धरून आहे. मीच सांगितलं होतं, मी मागितली तरी देऊ नकोस.

जागी झाली.

खिडकीबाहेर बघतेय. आभाळ आलंय म्हणते. म्हणते, हिरवी बादली विहिरीवरच राहिली, कोणी आत घेतली असेल ना?

मी तिला विहिरीचं सांगितलेलं नाही. एका शब्दाने नाही. मी तिला कधीच —

हाक मारली. धाकटे. धाकटे, अगं मी. तिने वळून पाहिलं. हसली, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं, आणि जरा सरकून मला जागा करून दिली.

विचारते आहे, तुम्हाला कुठे उतरायचंय?

सांगते. थांब, सांगते. तिसरा मजला, आणि खाली, खाली रस्त्याचं नाव —